तापीच्या तोंडाशी : देवपूर ते सुरत, एका दिवसात

 

धुळेकराला सुरत काही नवी नाही. लग्नाचा बस्ता सुरतेचा, दिवाळीच्या साड्या सुरतेच्या, कुणाचा मामा उधन्याला, कुणाचा भाचा लिंबायतला. पण सुरतेला जाऊन सुरत पाहिलेला माणूस आपल्याकडं शोधावा लागतो. मार्केटात शिरायचं, गाठोडी बांधायची, लोचो खायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी ठरवलं की या खेपेला एकही साडी घ्यायची नाही. फक्त जुनं शहर बघायचं. पहाटे पाचला दत्त मंदिराजवळून निघालो, रात्री अकराला घरी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूनं साडेचार-पाच तास. एका दिवसात होतं.

सुरतेच्या सहलीवर लिहिणारे बहुतेक लोक मुंबईकडून किंवा अहमदाबादेकडून येतात. त्यांना ती समुद्राच्या बाजूनं दिसते : जहाजं, बंदर, इंग्रज, डच. आपण येतो उलट्या बाजूनं, नदीच्या वरच्या अंगानं. देवपुरातून पांझरेचं पाणी बघा. ते खाली मुडावदला, कपिलेश्वराच्या पायाशी, तापीला मिळतं. तिथून सारंगखेडा, प्रकाशा, उकाई धरण आणि मग सुरत. म्हणजे आपल्या पुलाखालचं पाणी आपल्याआधीच तिथं पोचलेलं असतं. या बाजूनं पाहिलं की सुरतेची गोष्ट थोडी वेगळी दिसते. ती सांगावी म्हणून हा सगळा खटाटोप.

साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर. घाटात उजाडलं. नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी वाट वाकडी करून बघावं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि राज्याची हद्द स्टेशनातूनच गेली. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. आम्हीही काढला, खोटं कशाला बोलू.

मौजेचा भाग सोडा, पण ही हद्द फक्त साठ-पासष्ट वर्षांची आहे आणि रस्ता शेकडो वर्षांचा. जुना रस्ता आजच्या हायवेच्या थोडा उत्तरेनं जायचा : सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूर हे मुघलांचं दख्खनचं ठाणं, सुरत हे त्यांचं समुद्राकडचं दार. हजला जाणारे यात्रेकरू, व्यापारी, तोफा, खजिना, सगळं या दोघांच्या मधल्या पट्ट्यातून, म्हणजे खानदेशातून, चालायचं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला निघाला तो याच वाटेनं. ३० ऑक्टोबर १६१५ ला सुरत सोडली, १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूर गाठलं. पंधरा दिवस बैलगाड्यांनी. शाळेत आपण शिकतो की टॉमस रो जहांगिराच्या दरबारी गेला. तो नंदुरबार, चोपड्यावरून गेला हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा एक इंग्रज, पीटर मंडी, १६३० च्या नोव्हेंबरात याच रस्त्यानं आला. त्या साली पाऊस गेला होता. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ गुजरात-खानदेशानं पाहिलेल्या सगळ्यात भयंकर दुष्काळांपैकी एक. मंडीनं रोजनिशीत रस्त्याकडेची प्रेतं नोंदवली आहेत, नंदुरबारला तर राहुटी ठोकायला जागा नव्हती इतकी. वाटसरूंच्या जनावरांच्या शेणातले दाणे वेचणारी माणसं त्यानं पाहिली. शहाजहानची छावणी तेव्हा बऱ्हाणपुरात होती आणि धान्याचे तांडे त्या छावणीकडं चालले होते. मंडी हा कंपनीचा नोकर, कनवाळू वगैरे म्हणून प्रसिद्ध नाही. तरी त्याच्या लिहिण्यात आपल्या भागातल्या त्या माणसांची नोंद राहिली. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, काही माहीत नाही.

सोनगड, व्यारा, बारडोली. बारडोलीला १९२८ चा शेतसाऱ्याचा सत्याग्रह झाला, वल्लभभाईंना सरदार म्हणू लागले ते तिथून. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी. साडेदहाला सुरतेत शिरलो.

किल्ल्यापासून सुरुवात करा. तापीच्या काठावरचा हा किल्ला १५४० च्या दशकात गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंद खान यानं बांधला, पोर्तुगीज वारंवार येऊन शहर जाळत होते म्हणून. इंग्रजांनी तो १७५९ मध्ये घेतला. आता महापालिकेनं दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय, स्वच्छ आणि नीट. तासभर पुरतो. तिथून जवळच मुघलसराई. १६४४ ची इमारत, हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. आज तिथं सुरत महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. पावणेचारशे वर्षांच्या इमारतीत घरपट्टीच्या रांगा लागतात आणि इमारत उभी आहे. आपल्याकडं वीस वर्षांची शासकीय इमारत पावसाळ्यात गळते. असो.

इंग्रजांची मूळ वखार आज उभी नाही. १६१२ च्या अखेरीस सुवाळीच्या समुद्रात त्यांनी पोर्तुगीजांना हरवलं, पुढच्या वर्षी बादशहाचं फर्मान मिळालं आणि सुरतेची वखार कायम झाली. पश्चिम हिंदुस्थानातल्या त्यांच्या सगळ्या कारभाराची सुरुवात इथली. पुढं १६८७ मध्ये मुख्य ठाणं मुंबईला हललं आणि सुरत मागं पडत गेली. वखार गेली, पण वखारवाले राहिले. कतारगाम दरवाजाजवळ, दफनभूमीत.

खरं सांगतो, तिथं जाईपर्यंत मला कल्पना नव्हती. कबर म्हणजे एक दगड, वर क्रूस, असं डोक्यात होतं. समोर आले घुमट. दोन मजली, कमानी, खांब, जिने. लांबून बघणाऱ्याला एखाद्या मुसलमान सरदाराचा मकबरा वाटेल. हिंदुस्थानात मोठा माणूस कसा पुरतात हे त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आपणही मोठे आहोत हे त्याच भाषेत सांगितलं. सगळ्यात मोठा घुमट ऑक्झेंडन बंधूंचा. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला. थोरला जॉर्ज, म्हणजे सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडन, १६६९ मध्ये. भावाच्या थडग्याला सामावून घेत जॉर्जचा मोठा घुमट उठला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज शहरात असताना वखारीची दारं लावून आत बसलेला आणि वखार वाचवलेला प्रेसिडेंट तो हाच.

ख्रिस्तोफरच्या थडग्यावर लॅटिनमध्ये लेख आहे. त्याचा मतलब ऐका. लेख चक्क खातेवहीच्या भाषेत आहे. यानं आयुष्याचा हिशोब वर्षांत मांडला नाही, दिवसांत मांडला, कारण मृत्यूनं हिशोब मागितला. पुढं कंपनीच्या मालकांनाच विचारलंय की बोला, तुमचा नफा किती आणि तोटा किती? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. तरी मरण हा नफाच, असं त्याला जमेच्या बाजूला लिहिता येईल.

आम्ही तिघं बराच वेळ तिथंच उभे होतो. आमच्यातला एक मार्केट यार्डात अडत सांभाळतो. तो म्हणाला, "मेल्यावरबी खतावणीच."

शेजारी डचांची दफनभूमी. तिथला मोठा घुमट हेंड्रिक व्हॅन रीड या डच अधिकाऱ्याचा, तो १६९१ मध्ये वारला. इंग्रजांपेक्षा आमचा घुमट मोठा दिसला पाहिजे या ईर्ष्येनं बांधला असं सांगतात. केरळातल्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्यातली औषधी माहिती पुरवणारा मुख्य माणूस म्हणजे इट्टी अच्युतन नावाचा मलयाळी वैद्य. त्याचं नाव निदान ग्रंथात तरी छापलं गेलं. आपल्या विणकरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

कारण प्रश्न तिथं येऊन थांबतो. ख्रिस्तोफरच्या खातेवहीतला नफा येत कुठून होता? सुरतेत समुद्र होता, जहाजं होती, सावकार होते. विरजी व्होरासारखा, ज्याच्याकडून इंग्रजही कर्ज काढायचे. माल मात्र आतून यायचा. त्यातला एक हिस्सा तापीच्या खोऱ्यातून, म्हणजे आपल्याकडून यायचा : कापूस, सूत, कापड. दलालामार्फत विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, म्हणजे दादनी. मग कापड ठरल्या मापाचं, ठरल्या भावात. माप चुकलं की भाव तुटला. हे सगळं जिथं चालायचं ते गाव आज आपल्याला बालकवींचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. धरणगाव. १६७४ मध्ये इंग्रजांनी तिथं वखार घातली. होय, जळगाव जिल्ह्यातलं आपलं धरणगाव. सुरत-भुसावळ लाइनवर स्टेशन आहे, गाडी थांबते, लोक भजी खातात.

आता १६७४ म्हटलं की कुठल्याही मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला इंग्रजांचा वकील म्हणून हजर होता हेन्री ऑक्झेंडन, सुरतेच्या त्या घुमटाखाली झोपलेल्यांच्याच घराण्यातला. त्यानं महाराजांशी तह केला, नजराणा दिला. आणि दुसऱ्याच वर्षी, १६७५ मध्ये, मराठ्यांच्या फौजेनं धरणगावची वखार लुटली. इंग्रजांनी भरपाईचा तगादा लावला. १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा लुटलं गेलं. तह असताना असं कसं, हा प्रश्न पडतो. उत्तर सरळ आहे. धरणगाव मुघलांच्या मुलखात होतं. मराठ्यांचं मुघलांशी युद्ध चालू होतं आणि मुघलांचा पैसा ज्या बाजारांतून उभा राहत होता ते बाजार त्या युद्धाचा भाग होते. शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन बसला, मुलूख उजाड केला, त्याची भरपाई सुरतेनं द्यायची, हा १६६४ चा हिशोब होता.

इथं एक गोष्ट बोलायला हवी, आणि ती आपल्या व्याख्यानांत कुणी बोलत नाही. आपण खानदेशी लोक सुरतेच्या लुटीची गोष्ट मावळ्यांच्या घोड्यावर बसून सांगतो. अभिमान आहेच, मलाही आहे. पण त्या दिवसांत आपले पूर्वज कुठं होते? महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत सुरतेबाहेर जिथं मुक्काम टाकला ती बाग बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर होती. दरवाजाचं नाव बघा. सुरतेचा तो दरवाजा आपल्या रस्त्याच्या नावानं ओळखला जायचा. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत घेतली, परतताना फौज बागलाणातून आली, वणी-दिंडोरीला दाऊदखानाशी लढाई झाली. त्याच साली हिवाळ्यात प्रतापराव गुजर खानदेशातून वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेले, आणि वाटेतल्या गावांच्या पाटलांकडून चौथाई देण्याचे कागद लिहून घेतले. मुघल मुलखातून अशी लेखी चौथाई घेण्याची ही सुरुवात, असं ग्रँट डफ लिहितो. ते पाटील आपले होते. ती गावं आपली होती. वर मुघलांचा महसूल, खाली मराठ्यांची चौथाई, आणि बाजारात कंपनीचा दलाल दादनीच्या हिशोबाला बसलेला. आपण या गोष्टीत तिघांच्या मधे होतो. हे म्हटल्यानं कुणाचा पराक्रम कमी होत नाही. उलट स्वराज्याची फौज ज्या मुलखातून चालली तो मुलूख कसा होता, हे त्याशिवाय कळणारच नाही.

आणि कंपनीचा दलाल शेवटी मालक झाला. सुरतेचा पूर्ण कारभार इंग्रजांनी १८०० मध्ये घेतला, खानदेश १८१८ मध्ये. तो कसा घेतला हे बघायला सुरतेला जायची गरज नाही, थाळनेर पुरतं. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, तापीकाठी. होळकरांशी झालेल्या तहात किल्ला इंग्रजांकडं गेला होता. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर टॉमस हिस्लॉपची फौज तिथं आली. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजात गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली अरब शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापून काढली गेली आणि स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी दिलं. हिस्लॉपच्या या कृत्यावर ब्रिटिश पार्लमेंटातही प्रश्न उठले. आज थाळनेरला जा. तट खचलाय, बुरूज नदीत उतरलेत. फाशीची जागा कुठली हे सांगणारी पाटी नाही. सुरतेला व्यापारी घुमटाखाली आहेत आणि थाळनेरला तीनशे माणसं कुठं पुरली ते विचारायला माणूस सापडत नाही.

आपलं धुळं तरी काय वेगळं? १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जनं जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव निवडलं, व्यापाऱ्यांना जागा देऊन बोलावलं, सरळ रेषेत गल्ल्या आखल्या. आपण पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच म्हणतो, ती शिस्त त्या आखणीतली. पाहुण्यांना वसाहतकालीन शहर दाखवायचं असेल तर लहान पूल ओलांडला तरी चालतं.

सुरतेला दुपारी जेवण झाल्यावर मुद्दाम लिंबायतकडं गाडी वळवली. आमच्या यादीत ते नव्हतं. मोठ्या आवाजात यंत्रमाग चालू होते, रस्त्यावर कापडाच्या गाठींचे टेम्पो. पानटपरीवर थांबलो तर टपरीवाला आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "भाऊ, कोन्ता गावना शेतस तुम्ही?" आम्ही धुयाना, म्हटल्यावर पैसे घेईना. त्याचे वडील अमळनेर तालुक्यातून आलेले, मागावर कामाला. तो सुरतेतच जन्मला. अहिराणी मात्र आमच्यापेक्षा साफ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली तेव्हा ती कापूस न्यायला होती. नंतर तिनं माणसं नेली. सुरत महापालिका आज मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, आणि इथून शेजारच्या नवसारीतून निवडून जाणारे केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. हे यश आहे, नाकारत नाही. पण टपरीवाल्याला विचारलं की गावाकडं जाणं होतं का. म्हणाला, कोरडवाहू तीन एकर होतं, ते वाटणीत गेलं, आता कानबाईला जातो तेवढंच. पूर्वी खानदेशात कापड विणलं जायचं आणि ते सुरतेला जायचं. आता विणणारा स्वतःच सुरतेला जातो. कापूस अजूनही आपल्याकडं पिकतो. यावर आमदार-खासदारांनी आणि उद्योग खात्यानं बोलावं, मी फक्त पाहिलेलं सांगतो.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. जुन्या शहरात गाडी आत नेऊ नका, किल्ल्याजवळ लावा आणि रिक्षा करा. दफनभूमीचं नाव रिक्षावाल्याला कळत नाही, "कतारगाम दरवाजा" सांगा. सकाळी कबरी आणि दुपारी किल्ला असं उलटं केलंत तर ऊन कमी लागेल.

पुढच्या महिन्यात धरणगावला जायचा बेत आहे. इंग्रजी वखार नेमकी कुठं होती याबद्दल तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून काही ऐकायला मिळतं का ते बघायचंय. पुढं कॅप्टन औट्रमच्या भिल्ल पलटणीचं ठाणंही धरणगावातच होतं, तेव्हा जुन्या इंग्रजी इमारतींच्या आठवणी एकमेकींत मिसळलेल्या असणार. १६७४ ची कुठली आणि १८२५ नंतरची कुठली हे वेगळं काढावं लागेल. ज्यांच्या घरी विणकरीचा, रंगारीचा किंवा कापडाच्या दलालीचा धंदा होता, माळ्यावर मोडीतल्या वह्या पडल्या असतील, त्यांनी रद्दीत घालण्याआधी मला कळवा. मोडी वाचणारा एक मित्र सोबत येतोय. वह्या घरातून हलवणार नाही, तिथंच बसून फोटो काढू. धरणगाव नगरपरिषदेला स्टेशनबाहेर एक पाटी लावण्याबद्दल अर्ज द्यायचाय, मसुदा तयार आहे. धरणगाव, एरंडोल, अमळनेरकडच्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी नाव आणि गाव कळवावं.